न नांगरलेला पट्टा

मातीचे गोळे शांत होईपर्यंत फाळ आत घालायचा नाही, हा तिचा नियम होता. संगणकातल्या पेटीत ती आधी लाखो बारीक गोळे वरून सोडायची. ते एकमेकांवर आदळायचे, उसळायचे, फटींमध्ये घुसायचे आणि हळूहळू निजायचे. पडद्यावर पळणारा गोळा लाल दिसे, थांबलेला निळा. सगळी पेटी निळी झाली की मगच एका टोकाकडून लोखंडी फाळ आत शिरायचा आणि माती फाडत दुसऱ्या टोकाला जायचा. त्याला मातीने किती अडवलं, म्हणजे खऱ्या शेतात ट्रॅक्टरला किती जोराने खेचावं लागेल, हे संगणक गोळ्यागोळ्याची टक्कर मोजून सांगायचा.

घाई करून आधीच फाळ घातला तरी आकडे येतात, पण ते पडत्या गोळ्यांचे असतात, मातीचे नसतात. नव्याने कामाला लागलेली मंडळी ही चूक हमखास करायची. तिच्या हातून ती झाली नव्हती. वाट पाहणं तिला जमत असे. गेले काही हंगाम तर तिला त्याखेरीज दुसरं कामच नाही, असं सासूबाई म्हणायच्या.

नवरा त्याच संस्थेत होता, पण शहराबाहेर, एका दिवसाच्या प्रवासावर असलेल्या चाचणी केंद्रावर. तिथे तो खरा फाळ खऱ्या जमिनीत चालवायचा. फाळाच्या दांड्यावर बसवलेला मापक जे नोंदवेल ते तिच्याकडे पाठवायचा, आणि ती आपले आकडे त्याच्या आकड्यांशी ताडून पाहायची. एका हंगामासाठी म्हणून तो गेला होता. मग पुढच्या हंगामाला दुसरं माणूस मिळालं नाही, त्याच्या पुढच्याला कोणी शोधलंच नाही. अधूनमधून दोन दिवस घरी यायचा. गेल्या खेपेला पॅसेजमधला दिवा लावताना त्याचा हात भिंतीवर चाचपडत राहिला. बटण पूर्वी होतं तिथेच होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने काही सांगितलं नाही. त्याला आपोआप सापडेल म्हणून थांबली, आणि तो अंधारातच पुढे गेला.

त्याच्या फाइली ती घरच्या माणसाचा आवाज ऐकावा तशा उघडायची. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला काही रिकामे सेकंद असत. ट्रॅक्टर उभा, इंजिन सुरू, फाळ अजून हवेत. मग दोन टोकदार रेघा. फाळाच्या चौकटीवर तो हातोडीने दोनदा ठोकायचा, म्हणजे चित्रफीत आणि नोंद पुढे एकमेकींशी जुळवता येतात. एका ठोक्याने भागलं असतं. दुसरा कशासाठी, असं तिने एकदा विचारलं होतं. "पहिला ऐकू आला नाही तर," तो म्हणाला होता. बाकीचे लोक हा भाग कापून टाकून पुढे जात. ती आधी तो बघायची, मग कामाला लागायची.

या हंगामाच्या सुरुवातीला विभागप्रमुखांनी दोघातिघांना खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. केंद्र चालवणं आता जड जात होतं. तिच्या मॉडेलने काढलेली सरासरी खेच शेतातल्या खेचेशी दहा टक्क्यांच्या आत जुळली, तर यापुढचे फाळ संगणकावरच तपासायचे, केंद्र बंद करायचं आणि तिथल्या माणसांना मुख्य कार्यालयात परत आणायचं.

"म्हणजे तुमच्या हातात आहे म्हणायचं," सर तिच्याकडे बघून म्हणाले. "घरच्या माणसाला घरी आणण्याचं काम आजवर कुठल्या संगणकाला दिलं नसेल."

सगळे हसले. तीही हसली. जागेवर येऊन बसली तेव्हा तिला कळलं की आपण मुठी आवळून धरल्या आहेत.

*

"काय गं, निजले का तुझे गोळे?" दार उघडताच सासूबाईंनी विचारलं.

"निजले, आई."

"गुणी आहेत. आमचं लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत निजलं नव्हतं."

संध्याकाळच्या चहानंतर त्या लेकराचा फोन यायचा. फोन टेबलावर मधोमध ठेवला जाई. सासूबाई त्याच्यावर वाकून, हाक मारावी तशा बोलत.

"जेवतोस का वेळेवर?"

"आई, मी बहिरा नाही. लांब आहे."

"लांब आहेस म्हणूनच ओरडतेय."

मग त्या उठून आपल्या खोलीत जात आणि दार अर्धं लोटून घेत. पूर्ण लोटलं तर सुनेला संकोच वाटेल आणि उघडं ठेवलं तर लेकाला, असा त्यांचा हिशेब होता. त्या अर्ध्या दाराच्या आडोशाने ती दोघं बोलायची. बोलणं बहुतेक मातीचंच असे. किती ओल आहे, फाळ कुठे अडकला, वारा किती. तिला विचारायचं असे की तिथे संध्याकाळी खोलीत एकटा बसून काय करतोस, आणि ती विचारायची की मापक नीट शून्यावर आणलास ना.

या वेळी तो फार मोकळा बोलत होता. "उद्या नोंदी पाठवतो. बघच. खूश होशील."

"का रे, काय विशेष?"

"माती चांगली लागली यंदा. आणि ऐक, गॅलरीचं दार अजून घासतं का खाली?"

"घासतं. उचलून लावावं लागतं."

"राहू दे. सुताराला बोलवू नकोस. मी आल्यावर करतो."

'आल्यावर' हा शब्द तो आजवर जपून वापरायचा. फोन ठेवल्यावर ती उगाचच गॅलरीत गेली आणि दार दोनदा उघडून लावून पाहिलं. ते जसं घासायचं तसंच घासलं. आज त्याचा त्रास झाला नाही.

*

नोंदी दुसऱ्या दिवशी आल्या. तिने सरासरी काढली, शेजारी आपल्या मॉडेलची ठेवली, आणि दोन्हींकडे पाहत काही वेळ नुसती बसली. मग एकके तपासली. मग पुन्हा काढली. दोन्ही आकडे जवळजवळ एकच होते. दहा टक्के सोडाच, तीनही नव्हते.

सर स्वतः तिच्या टेबलापाशी आले. चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे वाकले. "वा. शेवटी मातीने तुमचं ऐकलं म्हणायचं. बैठकीसाठी एक आलेख करा छानसा, मोठ्या अक्षरांत. वरच्या लोकांना बारीक दिसत नाही."

त्या संध्याकाळी ती बसने न जाता चालत घरी गेली. वाटेत चपलांच्या दुकानात शिरून घरात घालायच्या पुरुषी सपाता बघितल्या. मापाचा आकडा तिला पाठ होता. तरी दुकानदाराने विचारल्यावर ती क्षणभर अडखळली, कारण तो आकडा तिने बऱ्याच दिवसांत मोठ्याने उच्चारला नव्हता. तपकिरी सपाता घेतल्या. घरी सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तपकिरी का? राखाडी मळखाऊ असतात." मग उठून जोड्यांच्या फळीवरची आपली औषधांची खोकी त्यांनी मुकाट्याने दुसरीकडे हलवली.

सकाळी ती बैठकीचा आलेख करायला बसली. या खेपेला तिने आतापर्यंत नुसती सरासरीच पाहिली होती. आलेखासाठी तिने पूर्ण नोंद उघडली. आधी रिकामे सेकंद, मग दोन ठोके. मग फाळ मातीत गेला आणि रेघ वर चढली. चढून सपाट झाली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली, इस्त्री फिरवल्यासारखी.

तिने खुर्ची पुढे ओढली.

घट्ट जमीन अशी वागत नाही. फाळ पुढे रेटतो तशी ती आधी अडून बसते. खेच वाढत जाते, वाढत जाते. मग जमिनीच्या पोटातून एक भेग तिरपी वर येते, ढेकूळ सुटतं, खेच एकदम पडते. पुढची माती पुन्हा अडते. म्हणून शेतातल्या नोंदीला करवतीसारखे दात असतात. आधीच्या हंगामांच्या त्याच्या सगळ्या नोंदींना ते होते. तिने त्या एकापाठोपाठ एक उघडून पाहिल्या. दात नसलेली रेघ तिच्या ओळखीची होती, पण ती शेतातली नव्हती. ती तिच्या स्वतःच्या पेटीतली होती. तिच्या गोळ्यांना ढेकूळ होता येत नव्हतं. ते वाळूसारखे फाळाच्या बाजूने वाहून जायचे.

ओल जास्त असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ओलीचा आकडा सोबत होता, नेहमीइतकाच. मग नोंदीवर गाळणी लागली असेल, बारीक चढउतार पुसून टाकणारी. पण गाळणी असती तर हातोडीचे ठोकेही बोथट दिसले असते, आणि ते सुईसारखे होते. तेव्हा एकच गोष्ट उरली. ही जमीन आधी नांगरलेली होती. नांगरून, ढेकळं फोडून, वरून रूळ फिरवून सारखी केलेली. त्याच पट्ट्यात त्याने पुन्हा फाळ घातला होता. चाचणी नेहमी न नांगरलेल्या पट्ट्यात होत असे, आणि तो सोडून चुकून तिकडे जाणारा माणूस तो नव्हता.

आलेखाची मोठी अक्षरं तिने अर्ध्यातच सोडली.

*

फोन करायला ती जिन्यात गेली. तिथे एक उंच खिडकी होती आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांची वर्दळ कमी असे.

"कुठल्या पट्ट्यात चालवलास?" तिने विचारलं.

पलीकडे ट्रॅक्टर सुरू होता. तो बंद झाला.

"जेवलीस का?" तो म्हणाला.

"नाही. कुठल्या?"

"कळलंच का तुला."

"नोंदीला दात नाहीत रे एकही."

"सर सरासरी मागतात. दात कोण मोजतंय?"

"मी."

तो हसल्यासारखा आवाज झाला. मग म्हणाला, "तूच म्हणाली होतीस ना, गोळ्यांना एकमेकांशी बांधायला गेलं की पेटीतले गोळे उधळतात, संगणकाचं गणित संपता संपत नाही, म्हणून तू बंध काढून टाकलेस. ढेकळं तुझ्या मातीला जमत नाहीत. मला वाटलं, तुझी माती माझ्यासारखी होत नसेल तर माझी तुझ्यासारखी करू. दोन दिवस लागले. आधी नांगरलं, मग फोडलं, मग रूळ. इतकी मऊ जमीन इथल्या कोणी पाहिली नसेल. आमचा मेकॅनिक विचारत होता, इथे काय झोपायचंय का."

तिला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला.

"या आकड्यावर फाळ बनेल," ती म्हणाली. "त्याचा दांडा या खेचेच्या हिशेबाने बारीक करतील. मग कोणीतरी तो कडक जमिनीत घालेल आणि तो वाकेल."

"वाकू दे. वाकलेले दांडे सरळ करण्यात तर माझं आयुष्य चाललंय."

"नुसता वाकला तर. तुटून उडाला, मागे माणूस असला तर?"

खिडकीखाली कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, ते लागत नव्हतं, पुन्हा लावत होतं.

"मी यायला नको आहे का तुला?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता, ओलीचा आकडा विचारावा तसा.

तिला खूप काही सांगता आलं असतं. काल चालत घरी गेले. तुझं चपलेचं माप उच्चारताना अडखळले. तू दिवा शोधत होतास तेव्हा मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू या घरात पाहुणा झाला आहेस हे दोघांनी मान्य केल्यासारखं झालं असतं.

"हवा आहेस," ती म्हणाली. "म्हणून तर मी काल पूर्ण नोंद उघडली नाही. एरवी मी आधी तीच बघते."

पलीकडून वारा ऐकू आला. तिकडे तो सतत असे.

"सरांना काय सांगणार?"

"हा पट्टा चालणार नाही एवढंच. का, ते तू सांग."

"पट्टा चुकला म्हणून सांगतो."

"चुकला नाही."

"बरं बाई. चुकवला म्हणून सांगतो." मग तो म्हणाला, "कुंपणापलीकडचा एक तुकडा आहे. कधी नांगरलेला नाही. आज दुपारी चालवतो. पण मग जमणार नाही गं तुझं."

"नाही जमणार."

"म्हणजे पुढचा हंगाम."

"बहुतेक."

"जेवून घे," तो म्हणाला आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

*

कुंपणापलीकडची नोंद दातांनी भरलेली होती. काही दात इतके उंच की आलेखाची चौकट वाढवावी लागली. तिच्या मॉडेलची रेघ त्यांच्या बरीच खाली, सरळ, बिचारी वाटावी अशी चालली होती. फरक निम्म्याच्या घरात गेला.

ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा त्यांच्यापुढे त्याची मेल आधीच उघडी होती. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुन्हा वर केला.

"यांनी स्वतःहून लिहिलंय. मुद्दाम केलं, पुन्हा होणार नाही, नवी नोंद सोबत आहे." ते खुर्चीत मागे टेकले. "माझ्या इतक्या वर्षांत लोकांनी मॉडेल शेतासारखं दिसावं म्हणून आकडे ओढूनताणून बसवलेले पाहिले. मॉडेलसारखं दिसावं म्हणून शेत बदलणारा हा पहिलाच."

ती उभीच होती. हसावं की नाही ते तिला ठरवता आलं नाही.

"त्यांना काय बोलायचं ते मी फोनवर बोलेन, आणि कडक बोलेन," सर म्हणाले. "तुम्ही बसा. बंध घालून किती दिवसांत जमेल?"

"या हंगामात नाही. बंध किती जोराला तुटतात तेच मला माहीत नाही. ते मोजावं लागेल. तिकडेच."

"म्हणजे केंद्र चालू ठेवावं लागेल."

"हो."

"हे तुम्ही सांगताय," सर म्हणाले, आणि तिच्याकडे न पाहता कागद सारखे करत राहिले, तिला तोंड फिरवायला सवड मिळावी म्हणून.

घरी सासूबाई खुर्ची पुढे घेऊन टीव्हीचा आवाज कमीजास्त करत बसल्या होत्या. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. का आणि कसं, तेही सांगितलं, कारण त्यांना अर्धवट सांगितलेलं चालत नसे.

"म्हणजे त्याने लबाडी केली."

"यायला मिळावं म्हणून, आई."

"ते कळलं मला." त्यांनी टीव्ही बंद केला. "आणि तू पकडलीस."

"हो."

"शाळेतून पोट दुखतंय म्हणून पळून यायचा. मी हात धरून परत नेऊन सोडायची. रस्ताभर तो रडायचा, आणि घरी येऊन मी." त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. "चहा टाकते. तू हातपाय धुऊन घे."

सपाता फळीवर तशाच होत्या. दोघींपैकी कोणीही त्या आत ठेवल्या नाहीत.

संध्याकाळी त्याचा फोन आला. सासूबाई फोनवर वाकून एवढंच म्हणाल्या, "मोठा झालास असं वाटलं होतं मला," आणि त्याने "होतोय गं" म्हणताच आत गेल्या. आज दार त्यांनी पूर्ण लोटून घेतलं.

"सर बोलले?" तिने विचारलं.

"बोलले. कान अजून गरम आहेत. तुला चित्रफीत पाठवलीय. दुपारच्या पट्ट्याची."

तिने ती फोनवर लावली. फाळ पुढे येत होता. त्याच्या पुढची जमीन आधी फुगली, मग तिच्यावर एक बारीक रेघ उमटली, रेघेची भेग झाली आणि अख्खं ढेकूळ सावकाश कुशीवर वळल्यासारखं उलटलं. आत गवताची मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी ताणलेली होती. एकेक करून ती तुटली. इतक्या वर्षांत तिने हे आकड्यांत कितीदा पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं ते फार पूर्वी, लग्न नवीन असताना, त्याच्यासोबत केंद्रावर गेली होती तेव्हा.

मग चित्रात त्याचे हात आले. त्यांनी ते ढेकूळ उचललं आणि दोन्हींकडून धरून फोडलं. लगेच फुटलं नाही. बोटांची पेरं पांढरी झाली होती. डाव्या अंगठ्याला पट्टी होती, तिच्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

"किती जोर लागला?" तिने विचारलं.

"कशाला?"

"ढेकूळ फोडायला. मला बंधांसाठी हवंय. अंदाजे सांग."

तो विचार करत राहिला. "ती काचेची बरणी आहे ना, कॉफीची. तू उघडायला द्यायचीस ती. तिच्या झाकणाइतका."

तो जोर तिच्या हातांना माहीत होता. कुठे हात थांबतात आणि कुठून पुढे दुसऱ्याला द्यावी लागते, तेही. तिने मान हलवली, मग लक्षात आलं की त्याला ते दिसत नाही.

"आता कोण उघडतं?" त्याने विचारलं.

"आई गरम पाण्यात धरतात."

"निघतं?"

"कधी निघतं. नाही निघालं की आम्ही चहा पितो."

त्याच्याकडचा वारा टेबलावरच्या फोनमधून या खोलीत येत राहिला.

"तेवढा धर मग," तो म्हणाला. "बरणीइतका."

"असं कसं धरू? यंत्रावर दाबून बघ आणि मोजून पाठव. एक नको, पुष्कळ ढेकळं घे. छोटी, मोठी, मुळं असलेली, नसलेली."

"वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली. "आणि अंगठ्याला काय झालंय ते आधी सांग."